पिवळी टोपी रस्त्यासाठी नाही

संपादक महोदय,

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मी स्टोअर सांभाळतो. शिफ्ट सुटताना खानापूर रोडला जरा उभं राहून बघा. पिरनवाडी, मच्छेकडे निघालेल्या एक्सएल मोपेडवाल्यांत कारखान्यातली पिवळी टोपी घातलेले बरेच दिसतील. डोक्यावर काहीतरी दिसलं की पोलीस सोडतो, एवढाच हिशेब.

ही टोपी सही घेऊन मीच देतो. वरून पाना किंवा कास्टिंगचा तुकडा पडला तर डोकं वाचावं, एवढंच तिचं काम. तिचं मानक आयएस 2925, दुचाकीच्या हेल्मेटचं आयएस 4151. टोपीत आत नुसत्या पट्ट्या असतात. हेल्मेटमध्ये थर्माकोलचा जाड थर असतो, आपटल्यावर तो चेपतो आणि डोक्याला बसणारा हिसका कमी होतो. शिवाय टोपीत कानशिलं उघडीच, आणि गाडीवरून माणूस काय नेहमी टाळूवर पडतो?

आमचा एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, कुत्रं आडवं आल्यानं पिरनवाडीजवळ पडला. टोपी गटारीच्या कडेला सापडली, तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. तो वाचला, पण डोक्याला मार बसल्यापासून त्याला वासच येत नाही. गॅस सुटलेला, काही जळत असलेलं ज्याला कळत नाही, त्याला भट्टीजवळ कोण उभं करणार? आता तो पॅकिंगला आहे, ओव्हरटाइम बंद. घरी दूध करपलं तरी बायकोला स्वयंपाकघरात धावावं लागतं, हा शेजारीच बसलेला असतो.

हेल्मेट सक्तीचं करणारं मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मोपेडलाही लागू आहे, मागे बसणाऱ्यालाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद चालू दे, सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे-पलीकडे हे कलम एकच आहे. सायकलवाल्यांना मात्र तेवढंही नाही. सकाळी अंधारात येळ्ळूरहून सायकल मारत येणाऱ्या हेल्परचा विचार कुणाच्याच यादीत नाही.

कारखानदार सेफ्टी शूज देतातच. त्याच इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) आयएसआय हेल्मेट घालावं, सायकलवाल्यांना सायकलचं. पिवळी टोपी गेटवर जमा करून घ्यावी आणि हनुवटीचा पट्टा लावल्याशिवाय सिक्युरिटीनं गाडी बाहेर सोडू नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलून द्यावं, कारण चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. आमच्या मालकांना मी तसा अर्ज दिला आहे. खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, यावर तो सध्या अकाउंट्समध्ये अडला आहे.

– एक स्टोअरकीपर, येळ्ळूर