पेटी कपाटात, तास गणिताला

मा. संपादक,
स. न.

माझी लेक सातवीत आहे. वेळापत्रकात शुक्रवारी शेवटचा तास संगीताचा, पण त्या तासाला गणिताची राहिलेली उदाहरणं होतात. शाळेत पेटी आहे. पालकसभेला गेलो तेव्हा कपाट उघडून बघितली, तर भाता उंदरांनी कुरतडलेला आणि दोन सूर दाबले की वर येत नाहीत. राज्यगीत रोज लागतं, पण मोबाइलवरून स्पीकरला. पोरं नुसती ओठ हलवतात.

मी गावच्या भजनी मंडळात वीस वर्षं पखवाज वाजवतो. डाव्या तोंडाला कणीक किती लावायची हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण आता मंडळात चाळिशीच्या आतला एकही माणूस नाही. नाथांचं पैठण आमच्याच मराठवाड्यातलं, अन् पोरांना भारुडाची चाल विचारली तर गप्प!

शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) परिशिष्टातच आहे की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक हवा. आमच्याकडं एकशे चाळीस आहेत. निदेशकाचं विचारलं की "पद मंजूर नाही" एवढंच ऐकायला मिळतं.

तोवर शुक्रवारचा तास मला द्या म्हणालो, मानधन नको. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा टाळीवर मोजायला लावीन, गणितही त्यातच. अर्ज देऊन दोन महिने झाले. पेटीचा भाता बदलून आणायचा खर्चही माझाच.

– एक पालक, ता. पाथरी, जि. परभणी