मामा, तुम्ही आधी पटर हातात दिलात

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणत बॅग खांद्याला लावता आणि पुढच्या टीकडे, म्हणजे पुढच्या होलचा पहिला फटका मारायच्या जागेकडे, चालू लागता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेलच. पण गोल्फ शिकायची इच्छा असलेल्या आणखी चार मराठी माणसांच्या नजरेला ते पडावं, असंही मला मनापासून वाटतं. कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूची बॅग वाहता वाहता, तुम्ही मला ज्या क्रमानं हा खेळ शिकवलात, तो क्रम मला दुसरीकडे कुठं दिसला नाही.

मी गोल्फकडे वळले ती चाळिशी उलटल्यावर. आधी शहरातल्या एका रेंजवर जात होते. तिथं बॉलची बादली आणि ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब (गोल्फची काठी), हातात यायचा, आणि बॉल किती लांब गेला एवढाच काय तो विषय असायचा. येरवड्याच्या कोर्सवर तुमची गाठ पडली तेव्हा तुम्ही ड्रायव्हर बॅगेतून काढूच दिला नाहीत. पटिंग ग्रीनवर, म्हणजे बॉल होलमध्ये घालायच्या सरावाच्या बारीक गवतावर, नेलंत, होलपासून तीन फुटांवर बॉल ठेवलात आणि म्हणालात, "ताई, होलपासून मागं मागं यायचं. टीवर शेवटी जायचं." कारण तुम्ही सांगितलं नाहीत, हिशेब मी नंतर घातला. पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत पुरा व्हावा अशा, कोर्सवर दर होलला पटरचे (ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवायच्या क्लबचे) दोन फटके धरलेले असतात. 18 होल, 36 फटके. निम्मा खेळ ज्या क्लबनं होतो, त्याच्याकडे बहुतेक नवे खेळाडू सगळ्यात शेवटी वळतात.

त्या तीन फुटांवर तुम्ही मला किती काळ ठेवलंत! जमिनीत दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) खोचल्यात, पटरचं डोकं मधून जेमतेम जाईल एवढ्या अंतरावर. टीला न शिवता पटर मागं न्यायचा आणि पुढं आणायचा. हलायचे ते खांदे, मनगटं नाहीत. बॉल होलमध्ये पडला की नाही हे तुम्ही बघतही नव्हता, तुमची नजर त्या दोन टींवर. मग वेगाची पाळी आली. होल सव्वाचार इंच रुंद, बॉल 1.68 इंचांचा. बॉल जोरात आला तर होलचा फक्त मधला भाग कामाचा उरतो, कडेला लागला की तो फिरून बाहेर. वेग बेताचा असला तर कडेवरूनही आत पडतो. "चुकलाच तर फूटभर पुढं जाऊन थांबायला पाहिजे," हे तुमचं माप. त्यावर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत, मला ते एका वाक्यात मिळालं.

लांबच्या पटला तुम्ही मला बॉलपासून होलपर्यंत चालत जायला लावायचात, रेषेच्या बाजूबाजूनं. डोळ्यांना सपाट वाटणारा चढ पायांना बरोबर कळतो. मग मी अंदाज सांगायचा, आणि तो ऐकून झाल्यावरच तुम्ही तुमचा सांगायचात: "एक कप डावीकडे," म्हणजे होलच्या एका रुंदीइतकं. पट मारायच्या बेतात असताना लोहगावहून सुखोई उठलं की तुमचा हात वर जायचा. मी बॉलपासून बाजूला. आवाज पुरता विरल्यावर सगळं पहिल्यापासून: मागून रेषा बघायची, एक सराव, मग पाय लावायचे. प्रत्येक फटक्याआधी ठरलेला क्रम का पाळायचा, हे मला त्या विमानांमुळे पक्कं समजलं.

पटिंगनंतर आपण ग्रीनच्या कडेला आलो, चिपिंगला, म्हणजे बॉल ग्रीनवर टाकायच्या छोट्या फटक्यांना. पाय जवळ, वजन डाव्या पायावर, बॉल मधोमध किंवा किंचित मागं, हात बॉलच्या जरा पुढं. ग्रीनवर एका जागी तुम्ही रुमाल टाकलात आणि होलकडे बघायलाच मना केलंत, बॉल रुमालावर पाडायचा. तोच झोका आधी आठ नंबरच्या आयर्ननं, मग पिचिंग वेजनं, मग सँड वेजनं घ्यायला लावलात. आठ नंबरचा बॉल रुमालावरून उतरून लांबवर पळत गेला, सँड वेजचा चार पावलांत थांबला. झोका एकच, फरक सगळा क्लबच्या लॉफ्टचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूच्या तिरकेपणाचा. ग्रीनजवळ कुठला क्लब काढायचा हा प्रश्न त्या एका सकाळी सुटला. आणि तुमचा आग्रह असा की बॉल जितका लवकर जमिनीवर येईल तितकं बरं, उंच उडवायचा तो मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) असेल तेव्हाच. पिचसाठी, म्हणजे चिपपेक्षा लांब आणि उंच फटक्यासाठी, डावा हात घड्याळाच्या काट्यासारखा नऊवर न्यायचा की साडेसातवर, एवढंच अंतराचं गणित.

ग्रिप शिकवलीत ती इथंच, छोट्या फटक्यांच्या वेळी. स्वतःचा डावा हात माझ्या हाताशेजारी धरलात आणि क्लब कुठं टेकतो ते दाखवलंत: तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी. वरून बघितलं की दोन पेरं दिसली पाहिजेत. उजव्या तळव्याची घडी डाव्या अंगठ्यावर बसायची. तुमची स्वतःची पकड ओव्हरलॅपिंग (उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवायची), जुन्या काळचे नामांकित खेळाडू हॅरी व्हार्डन यांच्या नावानं ओळखली जाते ती. माझा हात लहान, करंगळी घसरायची. तुम्ही लगेच करंगळी आणि तर्जनी गुंतवायला सांगितलीत आणि अमेरिकेच्या दिग्गज जॅक निक्लॉसचं नाव घेत म्हणालात, "निक्लॉसची पण हीच." समोरच्याचा हात बघून पकड ठरवणारा शिक्षक मिळणं हे नशीब आहे, असं मी आजही मानते.

नेम कसा धरायचा, यासाठी तर मी तुमची कायमची ऋणी आहे. जमिनीवर दोन काठ्या, रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर. एक बॉलकडून होलमधल्या झेंड्याकडे, दुसरी माझ्या पायांपुढं. पायांची काठी झेंड्याच्या डावीकडे रोखलेली असते, हे बघून मी चक्रावले होते. मग काठ्या उचलल्यात आणि बॉलच्या पुढं दोनेक फुटांवर एखादं पान किंवा जुना डिव्हॉट (क्लबनं गवत उकरल्याची खूण) शोधायला लावलात. दीडशे यार्डांवरच्या झेंड्यावर नेम धरण्यापेक्षा दोन फुटांवरच्या पानावर क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) लावणं किती सोपं! 2019 साली नियम बदलले आणि खेळाडू पाय लावायला लागल्यावर कॅडीनं त्याच्या मागं रेषेत उभं राहायला बंदी आली. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची पंचाईत झाली, कारण त्यांचा नेम आजवर कॅडीच लावून देत होता. माझं काहीच अडलं नाही. तुम्ही आधीपासूनच बाजूला उभे राहत होता.

बॉल उजवीकडे वळला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "फेस कुठं बघत होता?" बॉल निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेनं, आणि हवेत वळतो तो फेस आणि झोक्याचा मार्ग यांतल्या फरकामुळे. रडारवर चालणारी यंत्रं आली तेव्हा हे मोजून सिद्ध झालं, त्याआधीची कितीतरी पुस्तकं नेमकं उलटं सांगत होती. फेस आणि बॉल एकमेकांना भेटतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकेच. तुम्ही यंत्राशिवाय, हजारो बॉल उडताना बघून त्या क्षणाबद्दल बरोबर निष्कर्ष काढला होतात. याचं मला फार मोल वाटतं.

बंकरचा दिवस मला लख्ख आठवतो. सरावाच्या बंकरमध्ये तुम्ही वाळूत एक लांब रेघ ओढलीत आणि बॉल ठेवलाच नाहीत. क्लब रेघेवर पडला पाहिजे आणि वाळू बाहेर उडाली पाहिजे, इतकंच. वेजचा फेस आधी उघडायचा आणि मग ग्रिप घ्यायची. पाय घोळवून घट्ट रोवायचे, त्यानं तोलही सांभाळतो आणि वाळू किती खोल आहे तेही पायांना समजतं. खऱ्या खेळात क्लब वाळूला टेकवून अंदाज घेता येत नाही, दोन फटक्यांचा दंड बसतो, पण पाय रोवायला मुभा आहे. रेघेवर क्लब नीट पडायला लागल्यावर बॉल आलाच, रेघेच्या दोन इंच पुढं. बॉलला क्लब लागतच नाही, वाळूच त्याला घेऊन बाहेर पडते. आणि पावसाळ्यात तुम्ही तोच धडा फिरवून शिकवलात. भिजलेली वाळू दबून घट्ट होते, उघडा वेज तिच्यावरून उसळतो आणि बॉलच्या पोटात लागतो. तेव्हा फेस कमी उघडायचा. पुण्याचा पाऊस अंगावर घेतलेला माणूसच हे इतक्या सहज सांगू शकतो.

झाडीतून बाहेर पडायचा पंच शॉट (बॉल मागं, कमी लॉफ्टचा क्लब, झोक्याचा शेवट अर्ध्यात तोडायचा), उतारावर खांदे उताराशी जुळवणं, बॉल पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जाणार हे धरून चालणं, हे सगळं आपण चालता चालता केलं. ड्रायव्हर तुम्ही खरोखरच शेवटी दिलात. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, टीवर उंच, आणि "चिपचाच झोका, फक्त मोठा." तोपर्यंत हाताला फेसची इतकी ओळख झाली होती की वेगळं फार काही शिकावं लागलं नाही.

मामा, आपल्याकडे गोल्फ शिकवणाऱ्यांची नावं निघतात तेव्हा त्यांत कॅडी नसतात. मला हे मुळीच पटत नाही. 1991 साली इंडियन ओपन ही देशातली मोठी स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणून वाढले. शिव शंकर प्रसाद चौरसियांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची देखभाल करत. 1829 साली स्थापन झालेल्या त्या जुन्या क्लबच्या गवतावर हा मुलगा खेळ बघून बघून शिकला आणि 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. त्यांच्या छोट्या फटक्यांवरून लोक त्यांना 'चिपपटसिया' म्हणतात. तुम्ही हे नाव घेता तेव्हा तुमचा चेहरा उजळतो, ते मी पाहिलंय. तुमच्या पिढीला सर्टिफिकेटं मिळाली नाहीत, पण कुठल्या ग्रीनचा उतार सकाळी दव असताना कसा वागतो आणि दुपारी कसा, हे ज्ञान तुमच्याइतकं कुणाकडे आहे? क्लबांनी तुमच्यासारख्या जुन्या कॅडींना शिकवण्याचं काम रीतसर द्यावं, त्याचा योग्य मोबदला द्यावा, असं मी भेटेल त्याला सांगत असते आणि सांगत राहीन.

तुमचा गुडघा हल्ली 18 होल चालू देत नाही असं कळलं. बॅगेची काळजी करू नका, मी ट्रॉली घेतली आहे. पाऊस उघडला की भाचीला घेऊन येते, अकरा वर्षांची आहे, उत्साह दांडगा आहे. तुम्ही पटिंग ग्रीनजवळ खुर्ची टाकून बसा आणि तिला दोन टी खोचून द्या. ती ड्रायव्हर मागेल. देऊ नका.

तुमची,
एक कृतज्ञ विद्यार्थिनी