बाप्याच्या डब्यातला कागद

सांगली
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिग्या,

दिवाळीला फोन केला नाही. गणपतीत तू आलास तेव्हा मी मुद्दाम कोल्हापूरचं काम काढलं. कारण तुला माहीत आहे, तरी लिहून टाकतो. नव्या गाडीचा विमा तू मोबाईलवर काढलास आणि ते मला वहिनींकडून कळलं, तेही लग्नाच्या पंगतीत, जिलेबी वाढताना. सत्तावीस वर्षं मी हा धंदा करतोय आणि माझा दोस्त तीन मिनिटांत बटण दाबून मोकळा! असो. माझं बीपी गोळीवर बरं आहे, आईचे गुडघे तसेच.

पत्र लिहायला बसलोय ते बाप्यासाठी. त्याला झटका आला होता. घाबरू नकोस, आता बरा आहे. दुकानात गादीवर बसतोय आणि गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवतोय. मिरजेला दोन स्टेंट टाकले, बिल दोन लाख ऐंशी हजार. कॅशलेस नाकारलं म्हणून वहिनींनी बांगड्या ठेवून पैसे भरले. नंतर क्लेमही रिजेक्ट झाला. कारण दिलंय की डायबेटिस असताना प्रपोजलमध्ये सांगितला नाही.

पॉलिसी माझी नव्हे. चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या पोरानं ऑनलाइन काढून दिली. माझ्यापेक्षा साडेतीन हजारानं स्वस्त होती म्हणे.

तुला २०१९ चा ऑगस्ट आठवतोय? आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं होतं. त्याआधी दोन दिवस, रात्री एक वाजता, मी गाव भागातल्या माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन लावत होतो. एकच वाक्य सांगत होतो, "पाणी शिरलं तरी गाडीला चावी लावू नका, ढकलत न्या." इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की रॉड वाकतो आणि साधी पॉलिसी त्याचे पैसे देत नाही. बाप्या तेव्हा झोपेत मला शिव्या देत उठला, पण ऐकलं. त्याची गाडी तीन दिवस पाण्यात होती आणि तिचे पैसे मिळाले. त्यानं मला पेढे दिले होते, ते तूही खाल्लेस. तोच बाप्या साडेतीन हजारासाठी गेला, हे मला डिस्चार्ज कार्ड हातात घेईपर्यंत पटत नव्हतं.

आता जरा माझं रडगाणं ऐक, तुला सोडून कुणाला ऐकवू? भाव कमी करून मी ऑनलाइनवाल्यांशी लढू शकत नाही. दुचाकीच्या थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवतं. पंचाहत्तरच्या वर दीडशे सीसीपर्यंत ७१४ रुपये अधिक कर, माझ्याकडून घ्या नाहीतर मोबाईलवरून. तरी लोक म्हणतात, ऑनलाइन स्वस्त! आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबरपासून शून्य झाला, तर दोघंतिघं येऊन म्हणाले, ऑनलाइनवाल्यांनी कर काढून टाकला, तुमचा का लागत होता! आणि एक जात आहेच, "पहिला हप्ता तुमच्या कमिशनमधून भरा." अशी सूट द्यायला मनाई करणारं विमा कायद्याचं कलम ४१ दाखवलं तर हसतात. शेजारचा एजंट भरतो म्हणतात. भरतोही लेकाचा.

पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही त्यांच्यासारखं व्हा. तिनं माझ्या सगळ्या रिन्यूअलच्या तारखा कॉम्प्युटरवर चढवल्या आणि नकाशावर ऑफिसचं नाव टाकलं. आता हप्त्याच्या आधी महिनाभर मेसेज जातो. त्यानं बारीकसारीक गिऱ्हाईक टिकलं, खोटं कशाला बोलू. पण माझं म्हणणं असं की आपल्याकडं एकच गोष्ट त्यांच्यापेक्षा जास्त आहे. आपण माणसाच्या घरात जाऊन बसतो. फोनवरचा मुलगा "काही आजार नाही ना सर" असं एका दमात विचारतो आणि "नाही" ऐकलं की पुढं जातो. मी बसलेलो असताना फ्रिजवर गोळ्यांची पट्टी दिसते, म्हातारी साखर वेगळी मागते, सून सासूकडं बघते. मामांनंतर मी आजाराच्या रकान्यापाशी पेन थांबवतो. गिऱ्हाईक कंटाळलं तरी थांबवतो.

मामांचं पुढं लिहीत नाही. २००६ चा मार्च होता, माझं टार्गेट अडलं होतं, आणि तू शेजारी बसला होतास.

तर बाप्या. डिस्चार्ज कार्डावर शिकाऊ डॉक्टरनं लिहिलंय, "डायबेटिस, आठ वर्षं." वहिनी म्हणतात, मी "आठ महिने" म्हणाले होते, त्या धांदलीत त्यानं चुकीचं लिहिलं. आठ महिने असतील तर पॉलिसी आधीची, आजार नंतरचा, आणि क्लेम द्यावाच लागेल. माझं डोकं चाललं. हे काम ऑनलाइनवाला करणार नाही, इथं मी लागतो! शुक्रवारी मिरजेला गेलो, ओपीडीबाहेर तीन तास उभा राहिलो. डॉक्टर चांगला माणूस. त्यानं लेटरहेडवर लिहून दिलं की नातेवाइकांच्या सांगण्यानुसार आठ महिने असं वाचावं. कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवायचं, महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याला विमा लोकपालांकडं. तिथं फी नाही, वकील नाही. मी येताना बसमध्ये शीळ घालत होतो रे.

काल बाप्याकडं जुनी बिलं शोधायला गेलो. वहिनींनी तो पत्र्याचा डबा काढून दिला, ज्यात आपण दहावीच्या सुट्टीत पत्ते लपवायचो. अजून तोच आहे. त्यात तळाशी आपल्या फॅमिली डॉक्टरांचा एक केसपेपर सापडला. शाई पसरलेली, तारीख पुसलेली, पण खाली शुगरची गोळी, "मेटफॉर्मिन ५००, दोन वेळा", स्पष्ट वाचता येते. आणि कागदाच्या मधोमध ती मातकट रेघ. तुला सांगायला नको, पुराचं पाणी कागदावर कशी रेघ सोडतं. त्यांच्या घरात पाणी २०१९ ला आलं आणि २१ ला आलं. यातला कुठलाही पूर धर. पॉलिसी २०२४ ची.

वहिनी चहा करत होत्या. मी कागद परत तळाशी ठेवला.

बाप्याला एकट्याला गाठून विचारलं. तो काय म्हणाला माहीत आहे? "तुझ्याकडं आलो असतो तर तू शुगर लिहिली असतीस. मग हप्ता वाढला असता, वर शुगरसाठी थांबायला लागलं असतं. म्हणून तर पोराला सांगितलं, मोबाईलवर काढ."

साडेतीन हजार नव्हतेच रे मुळात. मी विचारतो, म्हणून तो गेला. अशी किती माणसं गेली असतील, देव जाणे. आधीपासूनच्या आजाराच्या क्लेमसाठी आता जास्तीत जास्त छत्तीस महिने थांबायला लावता येतं, पूर्वी अठ्ठेचाळीस होते. शुगर लिहिली असती तर हे हृदयाचं बिल मिळालं असतं की वाद झाला असता, मी छातीठोक सांगत नाही. पण पॉलिसी हातात राहिली असती. आता तीही जाते की काय, अशी भीती आहे.

डॉक्टरांचं पत्र माझ्या बॅगेत आहे. उद्या सोमवारी पाठवायचं ठरलंय. ते पाठवलं तर बाप्याचे पैसे बहुतेक येतील, वहिनींच्या बांगड्या सुटतील आणि अख्ख्या कापड पेठेत माझं नाव होईल की बघा, ऑनलाइनचा क्लेम यानं मिळवून दिला. माझी पोरगी ते नकाशावरच्या नावाखाली लिहूनही टाकेल. आणि पत्रातला प्रत्येक शब्द एका अर्थी खराच आहे, डॉक्टरनं "सांगण्यानुसार" असंच लिहिलंय.

वहिनींना अर्धवट बोलून बघितलं, की पत्र नको पाठवूया, दुसरं काही बघू. त्या म्हणाल्या, "भावजी, मग तुमचा उपयोग काय?" चहाचा कप तसाच ठेवून निघालो.

मामांच्या तेराव्याला तू मला गच्चीवर नेऊन म्हणाला होतास, "तुला एक शब्द लिहायचा होता, 'आहे'. तेवढाही लिहवला नाही." मग दीड वर्ष तू बोलला नाहीस. तेव्हा वाटलं होतं, फार बोललास. सुट्टीसाठी जमवलेले पैसे तू मामींना दिलेस, हे मला नंतर कळलं. आता बाप्यासाठी तोच शब्द माझ्यापुढं आलाय आणि या वेळी तो लिहिणं म्हणजे बाप्याला बुडवणं. तू सांग.

फोन करू नकोस, पोरगी ऐकते. रात्री दहानंतर मेसेज कर, मी जागा असेन.

तुझ्या पोराचं बंगळुरूचं काम झालं म्हणे, छान. वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नकोस. भडंगाचे दोन पुडे भाच्याबरोबर पाठवतोय, एक तुझ्या ऑफिसातल्या त्या मुंबईकराला दे, म्हणावं हे खाऊन बघ.

तुझाच,
बंड्या

ता. क. तुझ्या गाडीची पॉलिसी उघडून बघ, पाण्यानं इंजिन गेलं तर पैसे देणारं ते इंजिन प्रोटेक्टर घेतलंयस का. नसेल तर रिन्यूअलला घे, मोबाईलवरूनच घे हवं तर. पुण्यातही पाऊस पडतो.