सुई नेमकी कुठे गेली?

संपादक महोदय,

रोबोट आला की प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगाचे निदान आपोआप अचूक होईल, असा समज पसरतो आहे. रोबोट निदान करत नाही, तो सुईची दिशा धरून ठेवतो. नेहमीच्या बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी तुकडे काढताना, सोनोग्राफी पाहत 18 गेज जाडीच्या सुईने ग्रंथीच्या ठरलेल्या भागांतून साधारण 12 तुकडे घेतात. गाठ लहान आणि पुढच्या बाजूला असेल तर ती सहज निसटते. म्हणून आधी एमआरआयवर संशयित जागा आखतात, ते चित्र सोनोग्राफीवर बसवतात आणि यांत्रिक हात सुईची नळी त्या कोनात स्थिर धरतो.

खरी अडचण इथेच आहे. सोनोग्राफीसाठी गुदाशयात घातलेल्या दांड्याच्या (प्रोबच्या) दाबाने ग्रंथी चेपते, टोचताच सरकते, काही तुकडे काढल्यावर सुजते. सुईचे टोक तिरपे कापलेले असल्याने ती आत वाकतेही. 6 मिलिमीटरची गाठ हुकायला 4 मिलिमीटरची चूक पुरेशी! त्यामुळे संशयित जागेचे तुकडे आधी घ्यावेत आणि चित्रे मध्येच पुन्हा जुळवावीत.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) असे यंत्र आणायचे झाल्यास नुसती निविदा काढून भागणार नाही. प्रोस्टेटचा एमआरआय वाचण्यात मुरलेले रेडिओलॉजिस्ट हवेत, आणि संशयित जागेचे तुकडे नोंदीसह वेगळ्या डबीत पॅथॉलॉजीला गेले पाहिजेत. काणकोण-पेडण्यासारख्या गोव्याच्या टोकांहून आलेल्या रुग्णाला दुसऱ्यांदा टोचून घ्यायला लावू नये. शिवाय गुदाशयाऐवजी अंडकोषामागच्या त्वचेतून सुई घालता येईल असेच यंत्र निवडावे. त्या मार्गाने जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो.

— एक वाचक, फोंडा