बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना एक हक्काचं माणूस द्या

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या वसतिगृहाच्या अर्जात ‘स्थानिक पालक’ असा एक रकाना असतो. नाव, पत्ता, फोन, सही. बालगृहात वाढलेली मुलगी अठरा पूर्ण करून बाहेर पडते, तेव्हा तिथे ती अधीक्षकांचं नाव लिहिते. पुढे अधीक्षकांची बदली होते. मग कुणाचं लिहायचं?

मी बालगृहातल्या मुलांना शिकवायला जाणारा एक साधा स्वयंसेवक. खात्यानं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधलं कलम ४६ बाहेर पडणाऱ्या मुलांना अर्थसाहाय्य देतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून अनुरक्षणासाठी, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधारासाठी, महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून आहे. कोविडमध्ये आई-वडील दोघंही गेलेल्या मुलांच्या नावानं राज्यानं ५ लाखांची मुदत ठेव ठेवली, ती एकविसाव्या वर्षी हाती येते. पण अनाथ प्रमाणपत्रासाठी नेमके कुठे खेटे घालायचे, आधारवरचा बालगृहाचा पत्ता कसा बदलायचा, आणि पाच लाख मिळाले म्हटल्यावर अचानक उगवणाऱ्या काका-मामांना काय उत्तर द्यायचं, हे कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेलं नसतं.

घरात वाढणाऱ्या मुलांनाही हे कुणी बसवून शिकवत नाही. जेवताना कानावर पडतं. बापाचं साहेबाशी वाजलं तरी दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन निघतो, हे मूल बघत असतं. बालगृहात हे बघायला मिळत नाही. म्हणून बोलणी खाल्ली की आमची मुलं नोकरीच सोडून देतात, आणि लोक म्हणतात, ‘यांना टिकून राहता येत नाही.’ त्या रात्री फोन करता येईल असं कुणी असेल, तर बऱ्याच नोकऱ्या वाचतील. दिवाळीत मेस बंद झाल्यावर जायचं कुठे, हा प्रश्नही सुटेल.

मुलाला असं एक हक्काचं माणूस जोडून देण्याची कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकून त्या मुलांना जेवू घातलं. तिथे अनुदानाआधी माणसं होती.

तरीही, मंत्रिमहोदया, घाईनं अभियान काढू नका, ही माझी खरी विनंती आहे. अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था शंभर वर्षांहून जास्त काळ मुलांना मोठ्या माणसाची सोबत देते आहे. १९९५ मध्ये तिच्या कामाचा मोठा अभ्यास झाला. सोबत मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांच्या वाटेला जाण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं कमी दिसलं. पण त्याच आकडेवारीचा पुढे आणखी अभ्यास झाला, त्यात दुसरीही बाजू दिसली. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या नात्यांचा फायदा सर्वाधिक झाला, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांनी मुलांचा आत्मविश्वास उलट घटला. आधीच एकदा सोडून दिलेल्या मुलाला पुन्हा सोडून जाण्यापेक्षा मुळात त्याच्या जवळच न गेलेलं बरं. वाढदिवसाला केक आणून फोटो काढणारे पाहुणे आम्ही पुष्कळ पाहिलेत. (कायद्याच्या कलम ७४ नं मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, हेही त्यांना कुणी सांगत नाही.)

म्हणून सुरुवात दोन-तीन जिल्ह्यांतच करा. मूल सोळाचं झालं की बालकल्याण समितीच्या संमतीनं त्याची एका माणसाशी गाठ घालून द्या, म्हणजे बाहेर पडताना दोन वर्षांची ओळख असेल. मुलाला नकार देण्याचा हक्क हवा. त्या माणसाची पोलीस पडताळणी आणि प्रशिक्षण झाल्याशिवाय भेट नको. सोबत तेविसाव्या वर्षापर्यंत चालावी. जिल्हा बाल संरक्षण कक्षात यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमा, मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांच्या डोक्यावर हेही टाकू नका. त्यांच्याकडे आधीच कामाचा ढीग आहे. या मुलांपैकीच जे आज नोकरीला लागले, स्थिरावले, त्यांना प्रशिक्षणात बोलवा. त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

आणि विभागाच्या आढाव्यात ‘किती मार्गदर्शक नोंदवले’ हा रकाना ठेवूच नका. ‘दोन वर्षांनंतर किती जण अजून भेटतात’ एवढंच जिल्ह्यांकडून मागवा.

आपला,
एक स्वयंसेवक