धान्यपेढीला मदत हवी ती मृगापासून पोळ्यापर्यंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुमारास गरजू कुटुंबांना फराळ आणि किराणा वाटल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात दरवर्षी प्रसिद्ध होतात. देणाऱ्यांच्या भावनेविषयी मनात आदरच आहे. तथापि यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात महिला बचत गटांनी गरजू घरांना धान्य-किराणा देण्यासाठी चालवलेल्या धान्यपेढीच्या कामात माझाही हातभार असल्यामुळे एक गोष्ट वाचकांपुढे ठेवणे मला गरजेचे वाटते. दिवाळीत आमच्याकडच्या मजुराच्या हाती चार पैसे असतात, कारण सोयाबीनची सोंगणी नुकतीच आटोपलेली असते आणि कापसाची वेचणी सुरू झालेली असते. घरात खाण्यापिण्याची खरी ओढाताण होते ती मृग नक्षत्रापासून पोळ्यापर्यंत, आणि नेमक्या त्याच दिवसांत पेढीकडे येणारी मदत जवळजवळ थांबलेली असते.

या अडीच-तीन महिन्यांत काय घडते, हे गावाबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याजवळ असेल नसेल ती रोकड बियाण्यात आणि खतात गेलेली असते. तो स्वतःच अडचणीत असल्यामुळे निंदणाला लावलेल्या बायांची मजुरी आठ-आठ दिवस थकते. त्यातच झड लागली की शेतात पाय ठेवता येत नाही, काम बंद पडते आणि रोजच्या मजुरीवर रोजचा किराणा आणणाऱ्या घराची चूल त्याच दिवशी अडखळते. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे पेरणीची धांदल सुरू होते तेव्हा मुलांचा शाळेतला दुपारचा आहारही बंदच असतो.

रेशन असताना धान्यपेढी कशाला, असा प्रश्न अनेक जण विचारतात आणि तो रास्त आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो, तर सर्वांत गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. या धान्याने असंख्य घरे तगून आहेत, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु शेतात राबणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलोच्या आसपास धान्य लागते, म्हणजे हे 5 किलो दहा-बारा दिवसांत संपते. डाळ, तेल, तिखट, मीठ तर विकतच आणावे लागते. शिवाय या कायद्याचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचे याचा ठरवून दिलेला आकडा, आजही 2011 च्या जनगणनेवर ठरलेला आहे. त्यानंतर लग्न होऊन वेगळी झालेली घरे आणि नव्याने जन्मलेली मुले ‘इष्टांक शिल्लक नाही’ या उत्तरावर थांबून राहतात. ग्रामीण भागातील प्राधान्य कुटुंबासाठी ठरलेली 44 हजार रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादाही नवरा-बायको दोघे वर्षभर मजुरीला गेले तर सहज ओलांडली जाते. आमच्यासारख्या आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना 2015 पासून सवलतीच्या दराने धान्य मिळत असे. 2023 मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये थेट खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. घरात आलेले धान्य घरातच राहते, खात्यात आलेला पैसा मात्र औषधपाणी आणि उधारी यांच्या वाटेने निघून जातो, असे गावातील बहुतेक गृहिणींचे म्हणणे आहे आणि मला ते पटते.

गेल्या श्रावणात एक तरुण विधवा दिवेलागणीनंतर पेढीवर आली. तिचे नाव अजून सासरच्या शिधापत्रिकेवर आहे. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला मिळत नाही आणि दाखल्याशिवाय माहेरच्या कार्डावर तिचे व दोन लेकरांचे नाव चढत नाही. पदराखाली घडी केलेली पिशवी धरून ती बराच वेळ दाराशीच उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, “बाई, उसने द्या; वेचणी लागली की आणून देतो.” पेढीचा व्यवहार तेव्हापासून उसनवारीनेच चालतो. ज्याला जमेल त्याने पीक निघाल्यावर परत करावे, न जमल्यास कोणी विचारू नये, असे ठरले आहे. पेढी उघडण्याची वेळही मजूर घरी परतल्यानंतरची ठेवली असून तेथे कोणाचेही छायाचित्र काढले जात नाही. वाटपाच्या वेळी छायाचित्राचा आग्रह धरणाऱ्या दात्यांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी तो सोडावा, कारण त्या एका छायाचित्रापायी काही घरे उपाशी राहतात, पण पेढीची पायरी चढत नाहीत.

ही वेळ का आली, याचाही विचार व्हायला हवा. पूर्वी आमच्याकडे घरोघरी ज्वारीची कणगी असे. ज्वारी सोंगायला गेलेल्या मजुराला मजुरी धान्यात मिळे आणि तीच त्याला पावसाळ्यात पुरे. कडब्यावर जनावरे जगत. सोयाबीन आणि कपाशीने ती जागा घेतली, आणि पिकवणारा व राबणारा असे दोघेही धान्यासाठी दुकानावर अवलंबून झाले. सोयाबीनची भाकरी होत नाही. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, कारण रानडुकरे आणि पाखरे यांच्यापुढे थोडीशी ज्वारी राखणे किती कठीण झाले आहे, हे मी रोज पाहतो. मात्र मजुराच्या घरातले पावसाळ्याचे धान्य ज्वारीबरोबरच गेले, ही गोष्ट कोणत्याही योजनेच्या हिशेबात धरली गेली नाही.

म्हणून ज्यांना मदत करायची आहे, त्यांनी ती जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचेल असे पाहावे. तांदूळ रेशनवर मिळतो, तेव्हा तूरडाळ, गोडेतेल, तिखट, मीठ आणि अंगाचा साबण द्यावा. पुणे-मुंबईहून खोकी पाठवण्यापेक्षा तेवढ्या रकमेची खरेदी तालुक्याच्या बाजारातून झाल्यास वाहतुकीचा खर्च वाचतो आणि माल ताजा मिळतो. गावातील शेतकऱ्यांनी तुरीच्या हंगामात खळ्यावरून पायलीभर तूर पेढीला द्यावी. ती वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत ठेवली तर मृगापर्यंत उत्तम टिकते आणि तिची डाळ गावातच करता येते.

पुरवठा विभागाकडे मागणी एकच आहे. प्रत्येक गावात शिधापत्रिकांसाठी ग्राम दक्षता समिती असते. तिची बैठक मे महिन्यात घ्यावी, विभक्त झालेली कुटुंबे, माहेरी परतलेल्या बाया आणि रेशनच्या यंत्रावर अंगठा न उमटणारे वृद्ध यांची नावे पेढीच्या वहीवरून तपासावीत आणि तालुक्याला खेटे घालायला न लावता गावातच शिबिर भरवून त्यांचे काम पेरणीपूर्वी पूर्ण करावे. वही दाखवायला आमच्या बचत गटाच्या बाया तयार आहेत.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ