टेकऑफवरचा वारा लाइव्ह दिसला पाहिजे

संपादक महोदय,

कामशेतला पाऊस संपला की पॅराग्लायडिंग सुरू होतं ते थेट मे महिन्यापर्यंत, आणि सुट्टीच्या दिवशी टँडमला, म्हणजे पायलटसोबत दोघांनी उडायला, पुण्या-मुंबईची केवढी गर्दी असते ते सगळ्यांना माहितीये. पण तिथला वारा आत्ता किती आहे हे बघायला बहुतेक पायलटांकडे काय असतं, तर मोबाइलवरचं अ‍ॅप, टेकऑफवरचा म्हणजे उडायच्या जागेवरचा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) आणि फारतर वारा मोजायचं हातातलं मीटर.

अ‍ॅपमधला आकडा त्या टेकडीवर मोजलेला नसतो हो, तो मॉडेलचा अंदाज असतो. पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टिम हे मॉडेल 2025 च्या मेमध्ये सुरू झालं, चांगलंच काम आहे, पण त्याचाही नकाशावरचा एक चौकोन 6 किलोमीटरचा, आणि एका चौकोनाला एकच आकडा. एवढ्यात पवना धरणाचं पाणी, टेकडीचा वाऱ्याकडचा उतार जिथे आम्हाला लिफ्ट म्हणजे वर उचलणारा वारा मिळतो आणि मागची बाजू जिथे रोटरमध्ये, म्हणजे गरगरणाऱ्या हवेत, ग्लायडर मिटू शकतो, हे सगळं एकाच आकड्यात बसतं.

त्यात मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर कोकणातून खारा वारा घाट चढून येतो. अकरा वाजता गवत नुसतं डुलत असतं, तीनला तेच गवत आडवं पडलेलं, आणि मीटर ताशी 18 किलोमीटर दाखवता दाखवता मधेच 30 ला जाऊन परत खाली येतं. हा जो झटका, म्हणजे गस्ट, तोच खरा धोका, कारण वारा 20 चा 30 झाला की त्याचा जोर दीडपट नाही तर सव्वादोन पट होतो आणि साध्या ग्लायडरचा स्वतःचा स्पीडच ताशी 35-38 किलोमीटर, म्हणजे वारा त्याच्या वर गेला की पुढे तोंड करूनसुद्धा माणूस टेकडीच्या मागे ढकलला जातो. वळवाचा ढग तर लांब कुठेतरी असतो आणि त्याचा वारा आधी येऊन धडकतो.

फ्रान्समध्ये फ्री फ्लाइट फेडरेशन या पॅराग्लायडिंगच्या संघटनेने टेकऑफवर वारा मोजणारी स्टेशनं लावलीयेत, ती वाऱ्याचा वेग आणि दिशा चक्क पायलटच्या वॉकीटॉकीवर बोलून सांगतात, हवेत असतानाही ऐकू येतं. आपल्याला लगेच तेवढं नको. एक खांब, सोलर पॅनल, सिमकार्ड आणि दर काही मिनिटांनी सरासरी, गस्ट आणि दिशा, तिन्ही आकडे सगळ्यांना फुकट दिसायला हवेत, टँडमला येणाऱ्या पाहुण्यालाही. नुसती सरासरी दाखवली तर त्याचा उपयोग नाही.

खर्च पॅराग्लायडिंगच्या शाळांनी आणि क्लबांनी वाटून घ्यावा, पायलट वर्गणी देतील, मीही देईन. पर्यटन विभागाने आणि ग्रामपंचायतींनी जागेची परवानगी लवकर द्यावी, पावसाळ्यात उडणं बंद असतं तेव्हाच हे काम उरकता येईल. आणि पहिलं मशीन खाली लँडिंगला सोयीचं पडतं म्हणून तिथे लावू नका, कामशेतच्या टॉवर हिल या टेकडीच्या टेकऑफवर लावा, झाडाझुडपांच्या आडोशापासून लांब.

– एक पॅराग्लायडिंग पायलट, मावळ